झाड कुणीकडे पडेल?

3 जून 2020 च्या दुपारी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढले. वाऱ्याचा वेग ताशी 100 ते 120 किलोमीटर. श्रीवर्धन, मुरुड, म्हसळ्याच्या बागा झोपल्या हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण समुद्र न दिसणाऱ्या महाड-पोलादपूरच्या डोंगरातल्या वाड्यांवरही त्या दिवशी कौले उडाली, पत्रे गेले आणि घरामागचे आंबे-फणस आडवे झाले. वादळ संध्याकाळपर्यंत घाट चढून पुढे गेले. मागे राहिली वीज नसलेली गावे आणि अंगणात, गोठ्यावर, रस्त्यावर आडवी पडलेली झाडे. शिवाय त्या वर्षी टाळेबंदीमुळे मुंबईचे चाकरमानी गावीच होते. घरात धट्टीकट्टी पोरे, दारात पडलेले झाड, आणि पाऊस तोंडावर. मग काय, कोयते, कुऱ्हाडी निघाल्या. शेजारच्या गावातून कुणाचा तरी कटर आला. ‘कटर’ म्हणजे आपली पेट्रोलवर चालणारी साखळीची करवत. कारखानदार काही म्हणोत, गावात तिला कटरच म्हणतात.

उभे झाड धोकादायक आणि पडलेले झाड निरुपद्रवी, असे सगळ्यांनाच वाटते. खरी गोष्ट नेमकी उलटी आहे. उभ्या झाडाचा तोल शंभर वर्षांत जमून आलेला असतो. पडलेले झाड म्हणजे ताणलेले धनुष्य.

समजा, फणस मुळासकट उलथला आहे. खोड जमिनीवर टेकलेले आहे आणि बुंध्याशी मातीसकट उपटलेला मुळांचा गड्डा भिंतीसारखा उभा आहे. त्यामागे खड्डा. पोरे त्या खड्ड्यात उतरून मजा बघतात. इकडे कुणीतरी बुंध्यापासून हातभर अंतरावर खोड कापायला घेतो. त्या गड्ड्याला आतापर्यंत खोडाच्या वजनाने उभे धरले होते. खोड सुटताच, वर उरलेल्या एका बाजूच्या मुळांच्या ओढीने आणि मातीच्या भाराने, तो गड्डा एखाद्या झाकणासारखा खड्ड्यावर परत बसतो. आवाज न करता, एका क्षणात. आत कोण आहे हे तो विचारत नाही. म्हणून जाणकार माणूस अशा झाडाला हात लावण्याआधी खड्ड्यात डोकावतो, पोरांना हाकलतो, आणि गड्ड्याला दोर बांधून किंवा टेकू देऊन मगच कापायला लागतो.

दुसरी गोष्ट वाकलेल्या फांदीची. दोन टोके टेकलेली आणि मधे अधांतरी असलेली फांदी वरच्या अंगाला दाबलेली असते, खालच्या अंगाला ताणलेली. वरून कापत गेलात की चीर मिटते आणि पाते आत चिमटते. एकच टोक टेकलेले असेल तर हिशोब उलटा: वरची बाजू ताणलेली, खालची दाबलेली. कापण्याची रीत अशी की आधी दाबलेल्या बाजूने थोडे कापायचे आणि मग ताणलेल्या बाजूने पूर्ण करायचे. ही रीत चुकली की फांदी चाबकासारखी सुटते. हे वाचायला सोपे आहे. पण एका पडलेल्या आंब्याला अशा वीस-पंचवीस फांद्या असतात, काही एकमेकींत अडकलेल्या, काही जमिनीत रुतलेल्या, आणि एक कापली की बाकीच्या सगळ्यांचा ताण बदलतो. बुद्धिबळासारखेच, फक्त इथे प्रत्येक सोंगटी दोनशे किलोची.

दोनशे किलो हा आकडा उगीच नाही. एक फूट जाडीची, चार मीटर लांबीची आंब्याची ओली फांदी धरा. तिचे घनफळ साधारण 0.29 घनमीटर भरते. ओले लाकूड घनमीटरला 900 किलोच्या आसपास धरले तर ही एक फांदी अडीचशे किलोची झाली. पानांचा भार वेगळा. म्हणजे तांदळाची पन्नास किलोची पाच पोती. ती वीस फुटांवरून सुटली तर जमिनीवर यायला तिला एक सेकंदाहून जरासाच जास्त वेळ लागतो आणि आदळताना तिचा वेग ताशी 39 किलोमीटर असतो. एका सेकंदात माणूस वर बघतो. पळायला सुरुवात करायची म्हटले तर दुसरा सेकंद लागतो.

आता शिडीचे. घरच्या घरी झाड छाटण्याच्या कहाण्यांत बांबूची निसण नाही तर ॲल्युमिनियमची शिडी हमखास असते. शिडी ज्या फांदीला टेकवली तीच फांदी माणूस कापतो, हा प्रकार शेखचिल्लीचा वाटतो. पण शेखचिल्ली होण्यासाठी मूर्ख असावे लागत नाही. टोकाकडची बाजू कापून पडली की फांदीवरचा भार हलका होतो आणि उरलेला दांडा वर उसळतो, शिडीचे टेकलेले टोक त्याच्याखालून निसटते. किंवा कापलेला भाग पूर्ण न तुटता सालीवर लोंबकळतो, झोका घेतो आणि शिडीच्या पायावर येऊन आदळतो. याला उपाय तीन कापांचा आहे. खोडापासून हातभर दूर आधी खालून एक चीर, मग त्याच्या किंचित पुढे वरून काप, म्हणजे साल न सोलता फांदी सुटते. शेवटी उरलेला खुंट काढायचा, तोही खोडाला घासून नाही. फांदी जिथे खोडात शिरते तिथे सुजल्यासारखी गोल वळी असते. ती मान शाबूत ठेवून कापले तर झाड जखम बंद करते. अमेरिकेतले वृक्षतज्ज्ञ ॲलेक्स शिगो यांनी हजारो खोडे करवतीने उभी चिरून हे दाखवले. झाड जखम ‘भरत’ नाही, ते तिच्याभोवती भिंती बांधून तिला कोंडून टाकते, हा त्यांचा सिद्धान्त. खोडाला चाटून कापलेल्या फांदीच्या जागी ही भिंतच आपण काढून टाकतो, आणि दहा-पंधरा वर्षांनी तिथे ढोली होते. तोवर कापणारा विसरलेला असतो.

गंमत अशी की हे ज्ञान या मुलखाला परके नव्हते. महाड-पोलादपूरची भातशेती राबावर चालायची, अजूनही काही ठिकाणी चालते. रोपे टाकण्याच्या जागी शेण, पालापाचोळा आणि झाडाच्या छाटलेल्या फांद्या पसरून जाळायच्या, मग त्या राखेत भात पेरायचे. त्यासाठी हिवाळा सरता सरता ऐन-किंजळाच्या झाडांवर चढून फांद्या तोडायच्या. कुठे त्यांना टाळ म्हणतात, कुठे कवळ. कमरेला लाकडी आकडी, आकडीत कोयता, पायांत काही नाही. बांधावरचे जुने ऐन पाहिलेत तर त्यांची डोकी गाठाळलेली दिसतात. दरसालच्या छाटणीच्या त्या गाठी. राबामुळे जंगलाचे नुकसान होते की नाही हा वाद इंग्रजांच्या काळापासून चालू आहे, त्यात इथे शिरत नाही. मुद्दा एवढाच की प्रत्येक घरात झाडावर चढणारा, कुठली फांदी वजन पेलते हे तळपायाने ओळखणारा एक तरी माणूस असे. जांभळावर आणि शेवग्यावर भरवसा ठेवू नये, त्यांचे लाकूड ठिसूळ, न सांगता मोडते. सावर आणि पांगारा जाड दिसतात पण आतून भुसभुशीत. ऐन वाकतो, कुरकुरतो, इशारा देतो. हे कुणी पुस्तकात वाचलेले नव्हते.

मग गिरण्या आल्या, गोदी आली, पलटणी आल्या. महाड तालुक्यात फौजी आंबवडे नावाचे गावच आहे, घराघरातून सैनिक देणारे. पोलादपूरच्या खोऱ्यांतली तर एक अख्खी पिढी मुंबईत राहून गावच्या पत्त्यावर मनीऑर्डर पाठवत होती. चढणारा माणूस गेला. झाड तिथेच राहिले, आणि मधल्या चाळीस वर्षांत घराच्या छपरावर आले. आता मे महिन्यात पंधरा दिवसांसाठी गावी आलेला मुलगा वर बघतो. आई म्हणते, “बाळा, ती फांदी पावसात कौलांवर येईल.” वडिलांनी याच झाडावरून टाळ काढली होती हे त्याने लहानपणी पाहिलेले असते. पाहिलेले आणि येणारे यांतले अंतर त्याला वर चढल्यावर कळते.

उरलेले अंतर कटर भरून काढेल असे त्याला वाटते. या यंत्राबद्दल थोडे सविस्तर सांगितले पाहिजे, कारण आजकाल ते घरपोच मिळते. साखळीचा वेग सेकंदाला 20 मीटरच्या घरात असतो, म्हणजे ताशी 70 किलोमीटर. पात्याच्या टोकाचा वरचा चतकोर भाग एखाद्या फांदीला नुसता लागला तरी साखळी तिथे अडकते आणि सगळी शक्ती उलटी फिरून पाते धरणाऱ्याच्या तोंडाकडे उसळते. डोळ्याचे पाते लवायच्या आत. म्हणून कटर खांद्याच्या वर उचलून चालवायचा नसतो, एका हाताने चालवायचा नसतो आणि शिडीवरून तर मुळीच नाही. घरी नेमक्या या तीनही गोष्टी एकदम होतात: एक हात शिडीला, दुसऱ्यात कटर, फांदी डोक्यावर. धंद्यातली माणसे खास विजार घालतात. तिच्या अस्तरात लांब धाग्यांचे थर असतात. साखळी लागली की धागे ओढले जाऊन चक्रात गुरफटतात आणि यंत्र जागच्या जागी बंद पडते. आपल्याकडे लुंगी असते.

आणि तारा. महावितरण दर वर्षी पावसाळ्याआधी तारांना लागणाऱ्या फांद्या तोडते, पण डोंगरातल्या वाड्यांच्या वाहिन्या रानातून जातात आणि ऐन-सावरींना वेळापत्रक माहीत नसते. ओले लाकूड वीज वाहून नेते. 11 किंवा 22 हजार व्होल्टच्या तारेला तर फांदी नुसती जवळ आली तरी पुरते. वादळानंतर लोक म्हणतात, लाइट नाहीच आहे, मग भीती कसली? निसर्गनंतर रायगडच्या कित्येक गावांत दिवसच्या दिवस वीज नव्हती, तेव्हा ज्यांना शक्य होते त्यांनी जनरेटर लावले. घराचा मेन स्विच न पाडता जनरेटर जोडला तर वीज उलट्या वाटेने बाहेरच्या तारेत जाते, आणि रोहित्र तिला पुन्हा हजारो व्होल्टवर चढवते. तुमच्या आंब्यावर पडलेली मेलेली तार तिसऱ्या वाडीतल्या एका जनरेटरने जिवंत होऊ शकते. 1912 ला फोन करावा, वायरमन येऊन तार तोडून ‘कापा’ म्हणेपर्यंत चहा प्यावा.

उभे झाड पाडण्याची कला आणखी वेगळी. ज्या बाजूला पाडायचे त्या बाजूने बुंध्याच्या जाडीच्या पाचव्या ते चौथ्या हिश्शाएवढी पाचरीसारखी खाच घ्यायची, मग मागून काप द्यायचा, पण आरपार नाही. मधे जाडीच्या दहाव्या हिश्शाएवढी लाकडाची पट्टी राखायची. ती पट्टी म्हणजे दाराची बिजागरी. झाड तिच्यावर कलते आणि ठरल्या दिशेला जाते. बिजागरी कापून टाकली की झाडाला दिशाच उरत नाही. खाच न घेता झुकलेले झाड मागून कापत गेले तर खोड उभे चिरते, मागचा अर्धा भाग सोटासारखा वर उसळतो आणि कापणाऱ्याच्या छातीवर बसतो. पोकळ बुंध्यात बिजागरी धरायला लाकूडच नसते. बुंध्याशी भूछत्रे उगवली असतील, कोयत्याच्या मुठीने ठोकल्यावर ढोलासारखा आवाज येत असेल, कललेल्या बाजूच्या विरुद्ध अंगाला जमिनीत ताजी भेग असेल, रस्त्यासाठी किंवा जोत्यासाठी खोदताना एका बाजूची मुळे छाटली गेली असतील, तर ते झाड घरच्या माणसाचे काम नाही. आग्या मोहोळ असेल तर कुणाचेच नाही, निदान त्या दिवशी तरी. जेसीबीने ढकलून पाडू म्हणणारेही भेटतात. यंत्र बुंध्याला धक्का देते, शेंडा मात्र मागे राहतो आणि मोडून चालकाच्या टपावर येतो.

म्हणजे तज्ज्ञ बोलवा, झाले. पण महाडच्या बाजारात तज्ज्ञ मिळतो कुठे? युरोप-अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी वृक्षनिगा हा परवान्याचा, परीक्षेचा आणि विम्याचा व्यवसाय आहे. आपल्याकडे तीन प्रकारची माणसे येतात. एक वखारवाल्याचा माणूस. तो म्हणतो, पैसे नकोत, लाकूड माझे. हा सौदा फुकट वाटतो. पण त्याची नजर खोडावर असते, तुमच्या कौलांवर नाही; खोड अखंड राहील अशा रीतीने तो झाड पाडणार, आणि तीच दिशा तुमच्या गोठ्याची असू शकते. दुसरा कटरवाला, तासावर किंवा झाडावर काम घेणारा. यांच्यात उत्तम कारागीरही असतात आणि मागच्या महिन्यात यंत्र घेतलेलेही. ओळख सोपी आहे. जो आल्याआल्या यंत्र चालू करतो त्याला चहा देऊन परत पाठवावे. जो आधी झाडाभोवती दोन फेऱ्या मारतो, वर बघतो, तारा कुठून येतात विचारतो, वाळकी अडकलेली फांदी दाखवतो, आपण पळायचे कुठे ते ठरवतो, दोर आणि दुसरा माणूस बरोबर आणतो आणि वारा सुटला तर ‘आज नको’ म्हणतो, तो खरा.

तिसरा माणूस कातकरी. उंचावर चढायचे असेल, छपरावरची फांदी दोराने बांधून तुकड्या-तुकड्यांनी उतरवायची असेल, तर इथले बहुतेक लोक जवळच्या कातकरवाडीत निरोप धाडतात. कातकरी हा केंद्र सरकारच्या यादीत विशेष असुरक्षित आदिवासी गटांत मोडतो. खैराचा कात काढणारे म्हणून हे नाव, आणि आता वर्षातले कित्येक महिने वीटभट्ट्या आणि कोळशाच्या भट्ट्यांवर. झाडाची जाण त्यांच्यात उरली आहे हे खरे. पण आपण त्याला बोलावतो तेव्हा कसब विकत घेतो की फक्त धोका दुसऱ्याच्या अंगावर ढकलतो? वर चढणाऱ्याच्या कमरेला पट्टा नाही, डोक्यावर शिरस्त्राण नाही. मालक खाली उभा राहून ‘अजून थोडं पुढे जा रे’ म्हणतो.

राज्य सरकारची गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना आहे. अपघाती मृत्यूला 2 लाख रुपये, आणि अपघातांच्या यादीत उंचावरून पडणेही आहे. ती वहितीधारक शेतकऱ्याला आणि त्याच्या कुटुंबातल्या एकाला लागू होते. म्हणजे ज्याचे नाव सातबाऱ्यावर आहे तो स्वतः चढून पडला तर त्याच्या घरच्यांना काही मिळेल. ज्याला त्याने चढवले तो भूमिहीन असेल तर त्याच्या घरी या योजनेतून काहीच जाणार नाही. स्वतः चढू नका, माणूस लावा, हा सल्ला देणाऱ्याने एवढे तरी पाहावे की त्या माणसाला चांगला दोर आणि कमरेचा पट्टा मिळाला आहे. पट्टा विकत आणून घरी ठेवायला हरकत काय? झेला ठेवतोच की आपण, आंबे काढायला.

कायद्याचे थोडक्यात. महाड नगरपरिषद आणि पोलादपूर नगरपंचायतीच्या हद्दीत 1975 चा झाडांच्या संरक्षणाचा अधिनियम. बाहेर गावांत 1964 चा वृक्षतोड अधिनियम, त्याच्या अनुसूचीत आंबा, फणस, साग, ऐन, किंजळ, जांभूळ, चिंच, हिरडा, खैर अशी झाडे. स्वतःच्या परसातले असले तरी वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. झाड मेलेले, वाऱ्याने पडलेले किंवा धोक्याचे असेल तर परवानगी देण्याची तरतूद 1964 च्या कायद्यातच आहे, म्हणून अर्जासोबत फोटो जोडावेत. जमीन सामाईक असेल तर भावकीच्या सह्या. त्या मिळवण्यापेक्षा झाडावर चढणे सोपे, असे ज्यांना वाटते त्यांच्याशी वाद घालणे अवघड आहे. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमारासाठी आंबा-फणस तोडायची मनाई सांगितली आहे, आणि झाड अगदीच जीर्ण असेल तर धन्याला राजी करून, मोल देऊन घ्यावे असे म्हटले आहे. मालकाची संमती आणि योग्य मोल, दोन्ही अटी अठराव्या शतकातल्या.

डोंगरउतारावरच्या घरांसाठी एक गोष्ट जोडतो. 22 जुलै 2021 रोजी महाड तालुक्यातल्या तळियेवर दरड आली आणि 80 हून अधिक माणसे गेली. त्याच पावसात पोलादपूरच्या केवनाळे आणि साखर सुतारवाडीतही बळी गेले. अशा दरडी झाडांनी थांबत नाहीत, त्या फार खोलवरून सुटतात. पण घरामागच्या उतारावरची वरची दोन-तीन फूट माती मुळांनी शिवलेली असते. झाड तोडले तरी मुळे लगेच सुटत नाहीत. ती कुजायला काही वर्षे लागतात, आणि तोडल्याचा परिणाम तिसऱ्या-चौथ्या पावसाळ्यात दिसतो. तेव्हा भीतीपोटी सगळा उतार बोडका करण्याआधी छाटून भागते का ते पाहावे. जुन्या आंब्यावरची बांडगुळे काढली आणि छपरावरच्या दोन फांद्या उतरवल्या तर बहुतेकदा झाड राहते आणि घरही.

हे काम पावसाआधी करायचे. वैशाखातली सकाळ, वारा पडलेला. चढणारा अनवाणी वर जातो, फांदीला दोर बांधतो, दोराचा दुसरा पदर शेजारच्या जाड बेचक्यातून घेऊन खाली फेकतो, खाली दुसरा माणूस तो बुंध्याला दोन वेढे देऊन धरतो. खालून चीर, वरून काप. फांदी सुटते, दोरावर एक हेलकावा घेते आणि कौलांवरून हातभर अंतर राखून अंगणात टेकते. एक कौलही हललेले नाही. अर्ध्या तासात तीन फांद्या. तो उतरतो, कोयता आकडीत खोचतो, पाणी मागतो आणि पैसे सांगतो.

“अर्ध्या तासाचे एवढे?” घरधनी विचारतो.